नाव नंतर कळेल

सुधाचं बोट माउसवर दाबलं जाणार, इतक्यात अच्युतरावांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. हॉटेलचं नाव कुठे आहे यात?"

"नाव नंतर कळतं, बाबा. पैसे भरल्यावर."

"आणि पसंत नाही पडलं तर?"

"तर काही नाही. पैसे परत मिळत नाहीत."

त्यांनी मनगट सोडलं, पण खुर्चीमागून ते हलले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तोंड पडद्याजवळ नेलं. शहर भोपाळ, भाग एम. पी. नगर, चार तारे, दोन खोल्या, शनिवार आणि रविवार अशा दोन रात्री. त्याच्या खाली एक रिकामी चौकट होती. तुम्ही किती द्याल, एवढंच तिथे विचारलं होतं.

"शनिवार-रविवार तिथली हॉटेलं रिकामी पडतात," सुधा म्हणाली. ती पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची, आणि घरातही काही समजावताना तिचा आवाज वर्गातल्यासारखा संथ व्हायचा. "आठवडाभर सरकारी कामाला आलेले लोक असतात, कंपन्यांचे लोक असतात. सुट्टीला कोणी नाही. खोली रिकामी ठेवण्यापेक्षा कमी भावात दिलेली परवडते. पण तसं उघड जाहीर केलं तर रोजचं गिऱ्हाईक भांडायला येईल. म्हणून नाव झाकून ठेवतात. आपण बोली लावायची, त्यांना पटली तर खोली आपली."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"नेटवर लोक लिहितात. कुठे किती बोली लागली, किती नाकारली. चार दिवस तेच वाचतेय मी."

"कोण लोक?"

"लोक, बाबा."

"हॉटेलवाल्यांचेच असतील."

अच्युतराव पांढरीपांडे यांनी कारखान्याच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं काढली होती. बंद लिफाफे, त्यांवर लाखेची सीलं, उघडायला तीन जणांची समिती. तिथे भाव विकणारा सांगायचा आणि तो भाव लिफाफ्यात बंद असायचा. इथे भाव आपण सांगायचा आणि बंद राहायचा तो विकणारा. सगळंच उलटं होतं, आणि जिथे काही उलटं असतं तिथे मागे कोणीतरी बसलेलं असतं, असा त्यांचा अनुभव होता.

"पाहुण्यांना घरीच उतरवू म्हटलं तर तेही नको," स्वयंपाकघरातून नलिनीबाई म्हणाल्या. "पाचच तर माणसं. गाद्या आहेत, पांघरुणं आहेत."

"घर लहान आहे."

"घर लहान आहे," नलिनीबाईंनी तेच शब्द पुन्हा उच्चारले आणि त्या पोळ्यांकडे वळल्या.

घर लहान होतं हे खरंच होतं. पण अवधपुरीच्या त्या गल्लीतल्या दर पाच घरांपैकी चार घरं कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची होती, हेही खरं होतं. संध्याकाळी सगळे फिरायला निघत आणि कोणाच्याही फाटकाशी थांबत. नागपूरचे पाहुणे दोन दिवस त्या घरात राहिले असते, तर कोणीतरी थांबलंच असतं. कुठून आलात, कशासाठी आलात. आणि मग बोलता बोलता, अच्छा, पांढरीपांडे साहब की बिटिया के लिए. वो जिनकी इन्क्वायरी हुई थी. 

त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली होती. अच्युतराव आठ महिने निलंबित होते. सुधा तेव्हा टाउनशिपच्या शाळेत चौथीत होती, आणि बसमध्ये तिच्या शेजारची जागा महिनोन्‌महिने रिकामी राहायची. पुढे पुरावा मिळाला नाही म्हणून त्यांना कामावर परत घेतलं, राहिलेला पगारही मिळाला. घरात त्या विषयावर कोणी बोलत नसे. फक्त अच्युतरावांना दूधवाल्याचं माप, विजेचं मीटर, औषधावरची तारीख, सगळं दोनदा तपासायची सवय लागली होती.

सुधाने चौकटीत आकडा लिहिला. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं आणि मग उत्तर आलं. बोली नाकारली होती. त्याच भागासाठी, तेवढ्याच ताऱ्यांसाठी उद्यापर्यंत पुन्हा बोली लावता येणार नव्हती.

"बघ," अच्युतराव म्हणाले. त्यांना बरं वाटलं होतं.

"थांबा. आता आणखी एक भाग जोडला तर पुन्हा संधी मिळते." सुधाने नकाशावर बोट ठेवलं. "हा जोडते. अवधपुरी, पिपलानी."

"अवधपुरीत चार ताऱ्यांचं हॉटेल कुठलं?"

"नाहीच ना. म्हणून तर. भाग वाढला, पण हॉटेल मिळालं तर एम. पी. नगरचंच मिळणार." तिने आकडा थोडा वाढवला.

या वेळी चक्र थांबलं तेव्हा हिरवी पट्टी आली. हॉटेल तालविहार. पत्ता, फोन नंबर, नकाशा. नेहमीच्या दराच्या निम्म्याहूनही कमी भाव.

अच्युतरावांनी मुलीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. युक्ती उत्तम होती. आपल्या विभागात कोणी अशी युक्ती केली असती तर आपण त्याची फाइल मागवली असती, असं त्यांच्या मनात आलं.

"उदयला पत्ता पाठवून देते," सुधा म्हणाली.

उदय मुळावकर हा नागपूरचा मुलगा. त्याचे वडील नरहरराव यांच्याशी अच्युतराव दोनदा फोनवर बोलले होते, तेही गाडीच्या वेळेपुरतं. शनिवारी संध्याकाळी मंडळी येणार होती आणि रविवारी सकाळी मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता. ही बोली लागली तो गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळी बँकेत जाऊन येतो असं सांगून अच्युतराव मिनीबसने एम. पी. नगरला गेले. हॉटेल तालविहारसमोरच्या पानाच्या दुकानापाशी ते पाच-सात मिनिटं उभे राहिले. आत कोण जातं, कोण बाहेर येतं, पाहिलं. एक सूटकेसवाला गेला. दोन मुली हसत बाहेर आल्या. एक गाडी थांबली आणि तिच्यातून फुलांच्या टोपल्या उतरल्या. खोट काढण्यासारखं काही दिसेना, तेव्हा ते रस्ता ओलांडून आत शिरले.

"मेरे नाम से कल की बुकिंग है. पांढरीपांडे. अच्युत पांढरीपांडे, अवधपुरी." 

काउंटरवरच्या तरुणाने यादी पाहिली. "जी पांडे जी, दो कमरे. एकदम पक्की है. कल बारह बजे के बाद."

"कमरा आज देखना है."

"देखिए ना सर. सफाई चल रही है, दस मिनट बैठिए."

"रेट इतना कम क्यों है?"

तरुण हसला. "वो तो सर ऊपर से आता है. हमें तो बस नाम आता है."

हे उत्तर अच्युतरावांना मुळीच आवडलं नाही. ते सोफ्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेला, त्यांच्याच वयाचा एक माणूस शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. त्याने समोरचं वर्तमानपत्र उचललं, उघडलं, आणि न वाचताच गुडघ्यावर ठेवलं.

"मराठी ना तुम्ही?"

"हो. कसं ओळखलंत?"

"तुमच्या हिंदीवरून," तो म्हणाला. "मी नागपूरचा. इथे राहता?"

"हो."

"मग कारखान्यात असाल. इथले निम्मे मराठी लोक कारखान्यातले, असं ऐकलंय."

"होतो. निवृत्त झालो."

"कुठल्या विभागात?"

अच्युतरावांनी त्या माणसाकडे नीट पाहिलं. पायात धुतलेले कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी, नजर शांत. ओळखदेख नसताना इतके प्रश्न विचारणाऱ्या माणसाला खरं सांगायचं त्यांना कारण दिसेना.

"स्टोअर्स," ते म्हणाले.

तो माणूस थोडा थांबला. मग त्याने मान हलवली.

"स्टोअर्स म्हणजे खरेदीच्या शेजारचंच खातं. मग तुम्हाला माहीत असतील. पांढरीपांडे म्हणून कोणी खरेदीत होते का?"

अच्युतरावांनी वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"होते," ते वर न बघता म्हणाले. "का?"

"आमच्या उदयसाठी त्यांच्या मुलीचं स्थळ आलंय. घरची मंडळी उद्या येताहेत. मी एक दिवस आधीच येऊन इथे उतरलो. आपण आपलं चार ठिकाणी विचारलेलं बरं, नाही का? मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

आवाज ऐकल्यासारखा का वाटत होता ते आता कळलं. फोनवर तो जरा जाड यायचा, एवढंच. उठून हात जोडावेत, मीच तो म्हणावं, असं अच्युतरावांना वाटलं. पण मघाचं 'स्टोअर्स' मध्ये येऊन बसलं होतं. ते न उलगडता पुढे जाता येत नव्हतं, आणि उलगडायचं तर पहिल्याच भेटीत खोटारडं ठरायचं होतं.

"माणूस कसा आहे?" नरहररावांनी विचारलं.

"ठीक आहे. सरळ आहे."

"सकाळी पिपलानीच्या बाजारात एका दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, चांगली माणसं आहेत, पण मागे काही चौकशी झाली होती म्हणे."

"झाली होती. आठ महिने घरी होता तो."

"कशाची?"

"टेंडरची. मोठे ट्रान्सफॉर्मर बाहेर जातात, त्यांना लाकडी खोकी लागतात. त्या खोक्यांचं टेंडर होतं. ज्याला मिळालं नाही त्याने तक्रार केली, की लिफाफा आधीच उघडून भाव फोडला. उघडणाऱ्या समितीत हा होता."

"मग?"

"पुरावा मिळाला नाही. परत घेतलं कामावर."

"ते कागदावरचं झालं. तुम्ही जवळून पाहिलंत ना त्याला?"

त्या प्रश्नाचं एक वाक्य अच्युतरावांकडे अठरा वर्षं तयार होतं. चौकशी अधिकाऱ्यापुढे, सासुरवाडीला, बढतीच्या मुलाखतीत, सगळीकडे त्यांनी ते वापरलं होतं.

"त्या माणसाने आयुष्यात कोणाचा एक पैसाही घेतला नाही," ते म्हणाले.

"बरं झालं सांगितलंत," नरहरराव म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

एवढ्यावर ते संपलं असतं. वाक्य खरं होतं, त्यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं. पण दुसऱ्या कोणाबद्दल म्हणून ते उच्चारताना अच्युतरावांना ते पहिल्यांदाच बाहेरून ऐकू आलं. ऐकणाऱ्याने पुढे आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, असं त्यांना वाटलं. कोणीच कधी विचारला नव्हता. हाही विचारत नव्हता.

"पण एक आहे," ते म्हणाले.

नरहररावांनी घडी हातातच ठेवली.

"आलेल्या पाच लिफाफ्यांपैकी एकाचं सील धड नव्हतं. जुन्या लाखेवर नवी लाख ओतली होती. नवी लाख चकाकते, लगेच कळतं. प्रत्येक लिफाफ्यावर 'सील शाबूत' असं लिहून तिघांनी सही करायची, अशी पद्धत होती. दोघांनी केली. हा तिसरा. याने लिफाफा उलटा करून पाहिला. त्याच्या साहेबाने पेन पुढे केलं. म्हणाला, कीजिए, देर हो रही है."

"आणि याने केली."

"केली."

काउंटरवरचा फोन वाजत होता.

"म्हणजे त्याला माहीत होतं," नरहरराव म्हणाले.

"होतं."

"चौकशीत सांगितलं नाही?"

"साहेबाचं नाव घ्यावं लागलं असतं. त्या साहेबानेच त्याला क्वार्टर मिळवून दिलं होतं, मुलीला शाळेत घालायला मदत केली होती. आणि भीती होतीच. रोज रात्री ठरवायचा, उद्या सांगू. मग कामावर परत घेतल्याचा कागद आला. मग सांगायचं कोणाला? साहेब बदलून गेला, पुढे वारलासुद्धा."

"घरच्यांना?"

"नाही. बायको त्याच्यासाठी सगळ्यांशी भांडत होती. तिचा भाऊ एवढंच म्हणाला, आगीशिवाय धूर निघत नाही. तेव्हापासून ती त्याच्याशी बोललेली नाही. तिला तो काय सांगणार?"

नरहररावांनी कापडी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बरंच ठाऊक आहे तुम्हाला."

"शेजारी राहत होतो."

"पांडे जी," काउंटरवरून हाक आली, "कमरा देख लीजिए."

अच्युतराव इतक्या घाईने उठले की टीपॉयला गुडघा लागला. पांडेच म्हणाला, पूर्ण नाव नाही घेतलं, हे जिन्यावर त्यांच्या ध्यानात आलं आणि ते सावकाश चढू लागले. खोलीत त्यांनी गादी दाबून पाहिली, नळ सोडले, उश्यांच्या खोळी उलट्या केल्या, खिडकीची कडी लावून काढली. खिडकी मागच्या बाजूला होती आणि खाली जनरेटर होता. बाकी कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. ते खाली आले तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र टीपॉयवर होतं.

शनिवारी दिवसभर फोन वाजला की ते आधी उठत. एकदा गॅसवाला होता, दोनदा सुधाच्या मैत्रिणी. नकार आला तर तो फोनवरच येईल, आणि तो आपणच घ्यावा, असं त्यांनी ठरवलं होतं. नलिनीबाई चिवड्याला पोहे भाजत होत्या.

"ठरलं तर पत्रिका कोणाकोणाला द्यायच्या ते आत्ताच सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "रमेशला नाही द्यायची."

"सख्खा मामा आहे तो."

"असू दे. तुमच्याबद्दल बोलला तो. मी विसरलेले नाही."

अच्युतरावांनी पोह्यांतला एक करपलेला दाणा वेचून बाजूला टाकला. आत्ता सांगावं, असं त्यांना वाटलं. मग ते दाणे वेचतच राहिले.

संध्याकाळी सुधाचा मोबाइल वाजला. "पोचले सगळे," ती वाचत म्हणाली. "रूम्स एकदम बढिया आहेत म्हणतोय उदय. आणि त्याचे बाबा कालच आलेत म्हणे, त्यांचं काही काम होतं इथे."

"कसलं काम?" नलिनीबाईंनी विचारलं.

"काय माहीत."

नलिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते गच्चीवरची टाकी भरली का ते बघायला निघून गेले.

रविवारी साडेदहाला फाटकाशी टॅक्सी थांबली. उदय उतरला, त्याची आई मनोरमाबाई उतरल्या, मग त्याचे काका-काकू. नरहरराव सगळ्यांच्या शेवटी उतरले. आज त्यांनी कोट घातला होता. अच्युतराव दारात उभे होते. आता तो माणूस पायरीवर थबकेल, आपल्याकडे टक लावून बघेल, अहो, तुम्ही तर स्टोअर्सवाले, असं म्हणेल, आणि मग नलिनी विचारेल. रात्रभर त्यांनी याच क्षणाची तयारी केली होती.

नरहररावांनी पायरी चढून हात जोडले.

"नमस्कार. फोनवर बोललोय आपण," ते म्हणाले आणि बूट काढायला वाकले.

अच्युतरावांचे जोडलेले हात तसेच राहिले. त्या चेहऱ्यावर संकोच होता, थोडं हसू होतं. आश्चर्य मात्र जराही नव्हतं.

पुढचा तास त्यांना नीटसा आठवला नाही. पोहे झाले, चहा झाला. मनोरमाबाईंनी सुधाला तिच्या शिकवण्याबद्दल विचारलं, सुधाने उदयला त्याच्या नोकरीबद्दल विचारलं. हॉटेलचा विषय निघाला तेव्हा उदयने अवधपुरी जोडण्याची युक्ती तिच्याकडून दोनदा समजावून घेतली, आणि दोघं असे हसले की काकूंनी काकांकडे पाहिलं. सुधाला आजीचं नाव ठेवलं असलं तरी ती हसते अगदी माझ्यासारखी, असं नलिनीबाई मनोरमाबाईंना सांगत होत्या. नरहरराव भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले होते. मग त्यांनी विचारलं, "गच्चीवरून कारखाना दिसतो का हो?"

"दिसतो," अच्युतराव म्हणाले. "चला."

गच्चीवर कपडे वाळत होते. लांब झाडांच्या वर शेडची छपरं आणि दोन धुरांडी दिसत होती. रविवार असल्यामुळे सगळं शांत होतं.

"काउंटरवर तुम्ही नाव सांगितलंत तेव्हा मी लिफ्टमधून बाहेर पडत होतो," नरहरराव म्हणाले.

अच्युतराव कठड्याला धरून उभे राहिले.

"मग विचारलंत कशाला? सरळ ओळख द्यायची."

"तीच द्यायला येऊन बसलो होतो. म्हटलं, थोडं बोलावं आणि मग सांगावं. तर तुम्ही स्टोअर्स म्हणालात." त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि पुन्हा काढलं. "मनात म्हटलं, हा माणूस विभागच खोटा सांगतोय, तर बाकीचं काय असेल? मग मीही खोटं वागलो. तुमच्याच तोंडून तुमची चौकशी केली. चांगलं केलं नाही मी. काल दिवसभर तेच वाटत होतं."

"तुमच्या जागी मीही तेच केलं असतं."

"ते मला दिसलंच. खोली बघायला कोण येतं एक दिवस आधी?"

दोघंही हसले नाहीत. खालून कपबश्या गोळा केल्याचा आवाज येत होता.

"मग आता?" अच्युतरावांनी विचारलं.

"मुलांचं मुलं ठरवतील. माझी काही हरकत नाही. मी घरी कोणाला काही बोललो नाही, बोलणारही नाही." नरहररावांनी जिन्याकडे पाहिलं. "वहिनींना अजून ठाऊक नाही?"

"नाही."

"उद्या सोयरीक झाली तर मी या घरात येणार, त्यांच्या हातचं जेवणार. त्यांना माहीत नसलेलं मला माहीत असताना मी त्यांच्यासमोर बसू कसा? तुम्हीच सांगा."

दोरीवरचा एक चिमटा निसटून पडला होता, तो उचलून अच्युतरावांनी टॉवेलला लावला.

मंडळी गेली तेव्हा दीड वाजला होता. जाताना मनोरमाबाईंनी सुधाच्या पाठीवरून हात फिरवला आणि उदय फाटकातून दोनदा मागे वळला. सुधा दोरीवरचे कपडे आणायला वर गेली. नलिनीबाईंनी गॅसवर आमटी ठेवली. त्या गुणगुणत होत्या. किती वर्षांनी, ते अच्युतरावांना सांगता आलं नसतं.

"नलिनी, जरा बस."

"आमटीला उकळी येऊ दे."

"आधी बस."

त्यांनी वळून पाहिलं. मग गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. अच्युतरावांनी सांगायला सुरुवात केली. या वेळी 'तो' म्हणता येत नव्हतं, त्यामुळे पहिलं वाक्य जमायला वेळ लागला. लिफाफा, लाख, साहेबाचं पेन, सगळं सांगून झालं. शुक्रवारी आपण बँकेत गेलो नव्हतो, हेही सांगितलं. हॉटेलात कोण भेटलं, काय बोलणं झालं, गच्चीवर काय झालं, एकही गोष्ट गाळली नाही.

नलिनीबाई टेबलावरच्या प्लास्टिकवर नखाने एक रेघ ओढत होत्या. ते थांबले तरी त्या तीच रेघ पुन्हा पुन्हा ओढत राहिल्या.

"पैसे नाही घेतलेत," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"ते मला माहीत होतं." रेघ थांबली. "आठ महिने माझ्या शेजारी झोपत होतात. मला कळायचं, जागे आहात ते. मी विचारलं नाही. वाटायचं, अपमान झालाय माणसाचा, आपण विचारलं तर आपलाही संशय आहे असं वाटेल."

अच्युतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि सांगितलंत ते त्या माणसाला. खुर्चीत शेजारी येऊन बसला म्हणून."

"त्याला सांगता आलं."

"हं." नलिनीबाई उठल्या. त्यांनी गॅस पेटवला, आमटीवरचं झाकण काढलं, मीठ बघितलं. पाठ फिरवूनच त्या बोलल्या. "सुधाला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. होकार द्यायच्या आधी सांगायचं."

"ती काय म्हणेल?"

"ते तिला विचारा. त्या बसमध्ये ती बसायची, मी नाही."

जिन्यावर पावलं वाजली. कपड्यांचा ढीग हनुवटीपर्यंत घेऊन सुधा खाली येत होती आणि मध्येच थांबून पडलेला रुमाल पायाच्या बोटांनी उचलायचा प्रयत्न करत होती. अच्युतराव उठले. त्यांनी रुमाल उचलला, तिच्या हातातले अर्धे कपडे घेतले, आणि समोरची खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली.